आखाजीच्या दुपारचं खाद्य

नाशिक रोडची नोकरी सोडून ह्यांनी नामपूरजवळच्या मळ्यात पोल्ट्रीची शेड टाकली, ती नव्वदीतली गोष्ट. मोठ्या भागात पांढरे ब्रॉयलर, जाळीपलीकडे थोडे रंगीत जातीचे पक्षी. आदल्या उन्हाळ्यातली बॅच हातची गेली होती. हीसुद्धा गेली तर शेड बंद करून परत नोकरी, असं ह्यांनी सांगून ठेवलं होतं. मला पुन्हा नाशिक रोडच्या त्या एका खोलीत जायचं नव्हतं.

उन्हात पांढऱ्यांची वाढ खुंटते. दिवसभर धापा टाकणार, खाणार कधी? रंगीत मुळात हळू वाढणारे, त्यांना ऊन तेवढं बाधत नसे. अंगणातल्या गावरान कोंबड्या तर भर दुपारी लिंबाखाली माती उकरत. त्यांच्या वजनाचं मात्र विचारू नका, शिजायला दोन तास आणि खायला दोन घास.

पोटात दाणा जिरताना अंगात उष्णता वाढते, म्हणून सकाळी दहाला खाद्याची भांडी वर ओढायची आणि ऊन उतरलं की खाली सोडायची, हे ह्यांनी मला दहादा बजावलं होतं. भुकेल्या जिवापुढून दाणा ओढणं पाप, असं घरातून सासूबाई मात्र येता-जाता म्हणत.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हे सकाळीच सटाण्याला गेले. मी घागर भरली, पितरांचा घास काढला, गाईला पुरणपोळी दिली. आमच्याकडे त्या दिवशी दारचं कुत्रंही उपाशी राहत नाही. शेडमध्ये गेले तर पांढरे चोची वासून बसलेले. आदल्या दिवशी त्यांची वजनं कमीच भरली होती. मला दया आली आणि हावही सुटली. मी दोन्हीकडची भांडी खाली सोडली.

दुपारी लाइट गेली, पंखे थांबले. जे सगळ्यात जड होते ते आधी पडले. मी वेड्यासारखी पाणी मारत होते. रंगीत धापा टाकत का होईना, उभे होते. पांढऱ्यांतले निम्मे गेले.

संध्याकाळी ह्यांनी एक मेलेला पक्षी उचलून गळ्याखालची पिशवी चाचपली. ती दाण्यांनी भरलेली होती. ते थेट आईकडे वळले.

"माय, हाई काम तुनंच शे ना?"

सासूबाई शेडमध्ये पाऊलही टाकत नसत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बादली उचलली.

"मनंच शे," माझी चूक स्वतःवर घेत त्या म्हणाल्या.

आम्ही नाशिक रोडला परतलो, त्या मळ्यातच राहिल्या. हे पुढे त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. मला स्वतःची चीड येई, पण तोंड उघडत नसे. त्यांच्या दहाव्याला मी ह्यांना खरं सांगितलं.

"आता कुणाला सांगतेस?" हे म्हणाले.