आफ्रिकेचं प्रस्थान

आमच्या नंदुरबारातून आफ्रिकेला सिंह बघायला गेलेली पहिली बाई मी, असं मी म्हणते. कुणाला शंका असेल त्याने दुसरी आणून दाखवावी. इतकी वर्षं झाली, अजून कुणी आणलेली नाही. तिथल्या सिंहाची आणि जिराफाची गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की घरातली पोरं माझं पुढचं वाक्य माझ्याआधी म्हणून दाखवतात. पण सिंह बघणं सोपं होतं, तो मोटारीत बसल्या बसल्या दिसला. खरी झुंज त्याआधी, आमच्या घराच्या ओसरीवर झाली, आणि ती मी कुणाला धड सांगितलेली नाही.

माझे यजमान गावातल्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठजींची मोटार चालवायचे आणि दुरुस्तही करायचे. शेठजींचा धाकटा भाऊ मोंबाशाला दुकान टाकून होता. त्याचं पत्र आलं की रेल्वेने आत गेलं म्हणजे रानात हजारोंनी जनावरं मोकळी चरतात, भाड्याची लॉरी मिळते, तंबू मिळतात, एकदा येऊन बघून जा. शेठजी पक्के वैष्णव, मुंग्यांना साखर घालणारे. त्यांनी जाहीर केलं की जायचं, पण बंदूक नाही, दुर्बीण घ्यायची. गाव पोट धरून हसलं. बंदुकीशिवाय सिंहाकडे जाणारा माणूस एक तर साधू असावा, नाहीतर त्याच्या जिनाला यंदा कापूस फार आला असावा, असं पारावर बोललं जाई. शेठजी डगमगले नाहीत. त्यांची एकच अट होती, की लॉरी कुणाचीही असो, तिच्या इंजिनाला हात आमच्या यजमानांचा लागला पाहिजे. रानात लॉरी बंद पडली तर दुर्बिणीने ती चालू होत नाही, एवढं त्यांना कळत होतं.

शेठाणीबाईंनाही जायचं होतं, पण सोबतीला बाईमाणूस पाहिजे होतं. मी त्यांच्याकडे सुक्या जिनसांच्या कामाला जायला लागले होते. चार महिने टिकेल असं काय काय करता येतं ते त्यांना माझ्याकडून हवं होतं, आणि मी कोरीट गावची, शेतकऱ्याघरची. ज्वारीचे पापडासारखे बिबडे, मुगाच्या वड्या, वाळवलेली वांगी, तिखटाचा गोळा, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. चैत्रात मी त्यांच्या गच्चीवर खाटांच्या खाटा भरून बिबडे घातले. शेठाणीबाई बाजूला बसून दिराची पत्रं वाचून दाखवायच्या. अर्धं गुजराती, अर्धं हातवाऱ्यांनी. एका पत्रात जिराफाचं वर्णन होतं, की तो झाडाची शेंड्याची पानं जमिनीवर उभा राहून खातो. मी हातातला बिबडा तसाच धरून बसले. असलं जनावर जगात आहे आणि मी ते न बघता मरणार, हे मला त्या क्षणी सहनच होईना. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, चालतेस का. मी ‘हो’ म्हणून मोकळी झाले. घरी कुणाला विचारायचं असतं हे मला बिबडे वाळल्यावर आठवलं.

घरी सासूबाई होत्या. सासरे वारलेले, त्यामुळे घर त्यांचं. पण शेजारच्या घरात चुलत सासरे राहायचे आणि आमच्या घरातल्या प्रत्येक ‘हो’ला त्यांचा शिक्का लागायचा. शिक्का ते क्वचितच काढत. सासूबाईंनी ओसरीवर विषय काढला तेव्हा मी दाराआड उभी होते, डोक्यावर पदर घेऊन, कान मात्र उघडे ठेवून. चुलत सासऱ्यांनी पानाला चुना लावता लावता निकाल दिला.

“आपला घरनी बाई गोदावरीपल्याड गयी नही. ही समिंदरपल्याड जाई?”

झालं. यजमानांनी जावं, तो नोकरीचा भाग. सून घरी राहील. यजमान भले माणूस, पण आईसमोर आणि काकासमोर त्यांच्या तोंडातून शब्द फुटायला इंजिनासारखा दांडा फिरवावा लागे. मी संध्याकाळी भाकरी थापताना इतक्या आपटल्या की सासूबाई आत आल्या. रागावल्या नाहीत. चुलीसमोर टेकल्या आणि एवढंच म्हणाल्या, “मी हा म्हनू का ना म्हनू, लोकेसनं तोंड कोन धरी?”

मी त्या वाक्यातला ‘ना’ तेवढा ऐकला. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि मला अर्धंच ऐकू यायचं.

पण हट्ट सोडला नाही. नाही म्हटलंय ते जायला, तयारीला कुणी नाही म्हटलेलं नाही, अशी मी माझी समजूत करून घेतली आणि तयारीच्या मागे लागले. धुळ्याच्या कचेरीत पासपोर्टाचा अर्ज द्यायला यजमान निघाले तेव्हा त्यांना कळलं की नवऱ्याच्याच कागदावर बायकोचं नाव आणि फोटो लागतो. मी म्हटलं, नाव लिहिल्याने माणूस काही बोटीत बसत नाही, लिहून ठेवा. त्यांनी लिहिलं. देवीची लस टोचायची होती, मी शेठाणीबाईंबरोबर जाऊन टोचून घेतली आणि दंड सुजला तो चोळीच्या बाहीत लपवला. क्विनीनच्या गोळ्या, मच्छरदाण्या, पाणी गाळायची फडकी, पत्र्याच्या पेट्या, सगळ्याची यादी माझ्या अक्षरात होती. एक खापर घ्यायचंच, असा मी आग्रह धरला. आमच्याकडे मांडे उपड्या खापरावर भाजतात, आणि शेठजींना मांडे आवडत. ते मातीचं भांडं आफ्रिकेपर्यंत न फुटता कसं जाणार, यावर दोन दिवस चर्चा झाली. शेवटी जिनातल्या सरकी काढलेल्या कापसाच्या गादीत ते बसवलं आणि पेटीवर कुणी बसायचं नाही असं ठरलं.

शेठजी हिशोबी माणूस. ते म्हणाले, आधी इथे करून बघू. म्हणून आम्ही दोन दिवस अक्कलकुव्याच्या पुढे डोंगराच्या कडेला तंबू ठोकून राहिलो. सासूबाईंनी मला शेठाणीबाईंच्या सोबतीला म्हणून तेवढं सोडलं. तिथे शेठजींचा तंबू वाऱ्याने दोनदा त्यांच्यावर पडला, शेठाणीबाईंनी ससा पाहून कोल्हा कोल्हा म्हणून सगळ्यांना उठवलं, आणि त्यांच्या स्वैपाकी महाराजांनी शेणाने सारवलेली चूल नाही म्हणून पहिल्या दिवशी उपास काढला. मी तीन दगड मांडले, पिठलं केलं, बिबडे भाजले आणि पंगत वाढली. शेतावर वीस-वीस कापणीवाल्यांना जेवू घातलेल्या बाईला पाच माणसांचं काय. दुसऱ्या दिवशी महाराजांनी स्वतःहून सांगितलं की समुद्रापलीकडे त्यांच्याने होणार नाही. शेठजींनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मला आतून उकळ्या फुटत होत्या.

तिथेच एक गोष्ट झाली. बाभळीत माझं लुगडं असं अडकलं की पदर फाटला. म्हणून परत आल्यावर शेठाणीबाईंनी आमच्या मोहल्ल्यातल्या शिंपीचाचांना बोलावून कापडाच्या एकाच ठाणातून सगळ्यांना लांब बाह्यांच्या खाकी बंड्या शिवायला सांगितल्या. लुगड्यावरून घालायला माझीही बेतली. चाचांनी गळ्यातली टेप माझ्या खांद्याला न लावता दोन हात लांबून नजरेनेच माप घेतलं आणि विचारलं, बेटी, सफरला तूही का. मी म्हटलं, शिवून तर ठेवा. बंड्या आल्या. यजमानांची आणि माझी, दोन्ही एका खुंटीवर टांगल्या. सासूबाई येता जाता त्या चाचपून बघायच्या.

मग मुहूर्त आडवा आला. बोट ज्या आठवड्यात होती तो सगळा आठवडा ज्योतिषाने वाईट काढला. चांगला दिवस त्याच्या दहा दिवस आधी. अशा वेळी प्रस्थान ठेवतात. जाणाऱ्याचं अंगावरचं एक वस्त्र, त्याच्या हातची सुपारी आणि हळदीचे तांदूळ एका फडक्यात बांधायचे आणि त्या मुहूर्तावर, ज्या दिशेला जायचं त्या बाजूच्या घरी नेऊन ठेवायचे. मग माणूस त्या घटकेलाच निघाला असं धरतात. पुढे तो दहा दिवसांनी निघाला तरी चालतं. पण ठेवलेलं गाठोडं माघारी आणायचं नाही. ते थेट प्रवासालाच जायचं. आमच्या पश्चिमेला घर चुलत सासऱ्यांचंच. त्यांनी देवघराच्या कोपऱ्यात पाट मांडून ठेवला होता, असल्या बाबतीत ते फार काटेकोर.

त्या सकाळी गाठोडं सासूबाईंनी स्वतः बांधलं. त्यांच्या डोळ्यांना पडदे आलेले, माणूस ओळखायलाही जवळ यावं लागे. मी म्हटलं, बंडी काढून देते. नको म्हणाल्या. आईने बांधायचं असतं. यजमानांकडून सुपारी आणि तांदूळ घेतले, खुंटीवरची बंडी काढली, गाठ मारली आणि मुहूर्ताला जाऊन पाटावर ठेवून आल्या. चुलत सासऱ्यांनी त्यावर फूल वाहिलं. मी त्या दिवशी न जेवता पडून राहिले. नवरा निघाला होता आणि मी निघाले नव्हते. जिराफ गेला, असं मी स्वतःला स्पष्ट सांगितलं आणि उशी ओली केली.

दुसऱ्या सकाळी केर काढताना खुंटीकडे पाहिलं. बंडी होती. यजमानांची, ऐसपैस, मोठ्या गुंड्यांची. गेली होती ती माझी.

मी केरसुणी धरून उभी राहिले. पहिला विचार आनंदाचा आला, तो खोटं कशाला सांगू. दुसरा आला तो भीतीचा. यजमान अशा दूर मुलखात, समुद्रावरून, प्रस्थानाशिवाय जाणार. त्यांना काही झालं तर? माझा अशा गोष्टींवर फारसा विश्वास नव्हता, पण नवरा एकच होता. मी गप्प बसू शकले असते. बसले नाही. सासूबाईंना जाऊन सांगितलं की चूक झाली आहे, बंडी माझी गेली.

त्यांनी कपाळावर हात मारला. मग त्या जे बोलल्या ते इतक्या मोठ्याने की गल्लीतल्या दोन दारांतून माना बाहेर आल्या. तशाच त्या चुलत सासऱ्यांच्या ओसरीवर गेल्या. मी मागोमाग, दाराआड.

“भाऊ, घात व्हयना. प्रस्थानमा पोऱ्यानी बंडी नही, वहूनी गयी.”

चुलत सासऱ्यांनी पानाचा डबा बाजूला ठेवला. देवघरात जाऊन गाठोडं न सोडता बाहेरून चाचपलं. गल्लीत आता चार माना होत्या आणि सगळ्यांना ठाऊक होतं की गाठोडं त्यांनी स्वतःच्या देवघरात, स्वतःच्या हाताने फूल वाहून ठेवून घेतलेलं. परत काढलं तर अपशकुन त्यांच्याच घरातून निघणार. सुपारी आणि तांदूळ पोराच्या हातचे आहेत ना, एवढं त्यांनी विचारून घेतलं. आहेत, म्हणून सासूबाईंनी सांगितलं. म्हणजे जोडप्याचं प्रस्थान झालं, असं ते सावकाश म्हणाले. आणि मग, जणू हे त्यांच्याच मनात पहिल्यापासून होतं अशा आवाजात:

“ठेलं प्रस्थान माघारे येत नही. जिनं कापड शे, तिले जानंच पडी.”

मी दाराआड पदर तोंडात कोंबला, नाहीतर ओरडले असते. पुढचे नऊ दिवस मी जमिनीवरून चाललेच नाही. पेट्या भरल्या, याद्या तपासल्या, खापराची पेटी तीनदा उघडून पाहिली. ज्या बायका आठवड्यापूर्वी मला समुद्राची भीती घालत होत्या त्याच आता सांगायला आल्या, की जावंच लागतं बाई, प्रस्थान ठेवलंय म्हटल्यावर. चुलत सासरे पारावर प्रस्थानाचे नियम समजावून सांगत बसायचे.

निघायच्या दिवशी स्टेशनवर निम्मी गल्ली आली होती. गाडी सुरतेला, तिथून मुंबई, मग बोट. शेठजी गळ्यात दुर्बीण अडकवून फलाटावर फिरत होते, यजमान पेट्या मोजत होते. चुलत सासऱ्यांनी ते गाठोडं आपल्या हाताने माझ्या स्वाधीन केलं. मी तिथेच त्याची गाठ सोडून बंडी अंगात चढवली आणि सासूबाईंच्या पाया पडले. मला बोलल्याशिवाय राहवेना. हळू आवाजात म्हटलं, आत्याबाई, तुमच्या डोळ्यांना दिसलं नाही म्हणून माझं नशीब उघडलं.

त्यांनी माझी बाही दोन बोटांत धरली, मनगटाजवळ, अगदी सहज, बाजारात कापड बघतात तशी.

“डोया गयात व पोरी मन्हा, हात नही गयात,” त्या म्हणाल्या. “इतलीशी बंडी पोऱ्यानी कशी व्हई?”

त्यांनी आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं, म्हणजे मान वळवली, लांबचं दिसत काही नव्हतंच. मग माझा हात घट्ट दाबला.

“सिंह दखीसन ये. नि बठ्ठासना पहिले माले सांग.”

सगळ्यांच्या आधी तुम्हालाच सांगेन, असं मी म्हणेपर्यंत गाडीने शिट्टी दिली. चिंचपाडा येईपर्यंत मी खिडकीशी बसून रडत होते आणि हसत होते, आणि यजमान विचारत होते की काय झालं, काही विसरलं का.