जामच्या तिसऱ्या खोलीचं कुलूप

इथले गूढ अनुभव मी गेलं वर्षभर वाचतेय आणि खरं सांगायचं तर बरेचदा हसलेय. माफ करा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. त्यात आमचं घर बौद्ध, बावीस प्रतिज्ञा वडिलांनी लहानपणीच पाठ करून घेतलेल्या. अंगारे-धुपारे, नवस, बाहेरची बाधा... यातलं काहीही आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. शाळेत एखाद्या मुलीच्या अंगात आलं, तर मी आधी तिने सकाळी काय खाल्लं ते विचारते. तरीही हे लिहितेय, कारण दहा वर्षं होत आली आणि माझ्याकडे उत्तर नाही.

गोष्ट १९९८ची. मी समुद्रपूर तालुक्यात एका शाळेवर होते आणि आमचे हे हिंगणघाटला एसटीत मेकॅनिक. स्टाफरूममधल्या सगळ्या बाया पगार झाला की सोन्याच्या गोष्टी करायच्या. मला मात्र वाटायचं, सोनं पेटीत झोपून राहतं. खोली बांधली तर ती आपल्यासाठी राबते. म्हणून हायवेवरच्या जाम गावी चौरस्त्यापासून थोडं आत, जिथे आधी शेत होतं, तिथे आम्ही प्लॉट घेतला आणि भाड्याने द्यायला ओळीने तीन खोल्या काढल्या. वर टिनं, खाली शहाबादी फरशी, पुढे लांब ओटा. दीर म्हणाले, जामले काय भाड्यानं राहून राह्यलं कोणी? पण चौरस्त्यावर गॅरेजं होती, ढाबे होते, बदलीवर आलेले नोकरदार होते. माझा हिशेब बरोबर निघणार याची मला खात्री होती.

चूक एकच झाली. आमचे मिस्त्री म्हातारे होते, ते म्हणाले, "मॅडम, काळी जमीन आहे. घराले एक पावसाळा पाहू द्या, मंग माणसं टाका." आमच्याकडे जुने मिस्त्री असंच करतात. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. म्हणून नवं घर पहिला पावसाळा रिकामं ठेवतात आणि नीट बसू देतात. मी म्हटलं, पाया मुरमापर्यंत नेलाय ना, मग झालं! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशी मी उतावळी घरमालकीण. पहिल्या खोलीत गॅरेजवाले रफिकभाई आले, मधल्या खोलीत दवाखान्यातल्या नर्सबाई. उरली तिसरी, शेवटची.

श्रावणातला रविवार होता, दुपारचे बारा-साडेबारा. मी एकटीच ओटा धूत होते. एक म्हातारी बाई आली. विटलेलं हिरवं लुगडं, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण, काखेत कापडी पिशवी. खोली पाहायची म्हणाली. मी दार उघडून दिलं, पण तिने आत पाऊल टाकलं नाही. उंबऱ्याशी उभी राहून बराच वेळ फरशीकडे पाहत राहिली... मला वाटलं, फरशी आवडली असेल. मी कौतुकाने फरशी कुठून आणली ते सांगत बसले. तिने तिकडे लक्षच दिलं नाही. पिशवीतून एक जुनं, जड, लोखंडी कुलूप काढलं, दार ओढून घेतलं आणि कुलूप लावलं.

"हे खोली मी घेतली," ती म्हणाली. "पोळा झाल्यावर येतो. तोवर कोणाले देऊ नको, माय."

मी नाव-गाव विचारलं. पार्वताबाई, आंजी मोठी, एवढंच सांगितलं. मी पाणी आणायला मागे गेले, परत आले तर ती रस्त्याला लागलेली. हाक मारली, तिने मागे पाहिलं नाही.

आता हे नव्या मंडळींना सांगायला हवं. भाडेकरूने स्वतःचं कुलूप लावलं की खोली त्याची झाली, असा आमच्याकडचा शिरस्ता. लिहापढी नंतर होते. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावणं म्हणजे त्याच्या घरात शिरल्यासारखं मानतात. त्यामुळे ह्यांनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. इसार नाही, चिठ्ठी नाही, आणि आपली विज्ञानाची मॅडम खोली देऊन मोकळी!

दुसऱ्याच दिवशी सुनील आला. वीज मंडळात नवा लाइनमन, बायको आणि पाच महिन्यांची मुलगी. नातेवाइकाच्या एका खोलीत सात माणसांत राहत होते, मुलीला सारखा खोकला. तो हात जोडून म्हणाला, आजच सामान आणतो. मला बंद दाराकडे बोट दाखवावं लागलं. त्याच्या बायकोचा, मीनाचा, चेहरा उतरलेला मला अजून आठवतो. त्या म्हातारीचा असा राग आला म्हणून सांगू!

पोळा झाला. बाई आली नाही. आणखी दहा दिवस गेले. त्यात पाऊस असा लागला की चार दिवस सूर्य दिसला नाही. सुनील दर दोन दिवसांनी येऊन बंद दार पाहून जायचा. शेवटी मीच म्हटलं, पुरे झालं शिरस्त्याचं कौतुक. रविवारी सामान घेऊन ये.

त्या रविवारी सकाळी पाऊस उघडला होता. टेम्पोतून सामान उतरवून ओट्यावर ठेवलं. नव्या घरात आधी भरलेला गुंड, म्हणजे कळशी, न्यायचा, म्हणून मीना पाण्याचा गुंड कडेवर घेऊन दाराशी उभी होती, मुलगी माझ्याकडे. कुलूप इतकं जड होतं की रफिकभाईंनी ते तोडायच्या भानगडीत न पडता पहारीने चौकटीतला कोयंडाच उपटला. कुलूप जसंच्या तसं त्याला लटकत राहिलं. दार ढकललं. आत अंधार, खिडकी आतून लावलेली. मीनाने उजवा पाय उचलला आणि रफिकभाईंनी झटकन हात आडवा घातला.

"भाभी, रुको," ते अगदी हळू म्हणाले. "खाली जमीनच नाई."

खरंच नव्हती. चारही भिंती उभ्या, दार बंद, टिनं जागेवर, आणि मधली फरशी नाहीशी. खाली दोन पुरुष खोल खड्डा, तळाशी गढूळ पाणी, कडेला जुन्या विहिरीचे घडीव दगड. प्लॉट विकणाऱ्याच्या आजोबांनी कधीकाळी विहीर बुजवून वर शेत केलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. आमचा पाया तिच्या चारी बाजूंनी गेलेला. नर्सबाई म्हणाल्या, काल पहाटे मोठा आवाज आला होता, त्यांना वाटलं हायवेवर ट्रकचा टायर फुटला.

काल पहाटे... म्हणजे सुनील श्रावणात राहायला आला असता, तर ही तिघं त्याच फरशीवर झोपलेली असती. मुलगी माझ्या खांद्यावर होती, माझा पदर चोखत होती. मी तिला घेऊन ओट्यावरून खाली उतरले. मीच उतावळेपणाने त्यांना तिथे झोपवलं असतं, कौतुकाने फरशी दाखवून.

भानावर आल्यावर डोकं चालू लागलं. मी अंदाज बांधला की त्या बाईंचं माहेर इथलं असणार, विहीर त्यांना ठाऊक असणार, सरळ सांगितलं तर मी ऐकणार नाही म्हणून कुलूप लावलं. अगदी पटण्यासारखं होतं. पुढच्या रविवारी आम्ही दोघं कुलूप पिशवीत घालून आंजीला गेलो. वर्ध्याला बस बदलावी लागते. तिथे पार्वताबाईंचं घर कुणीही दाखवलं.

सूनबाई चांगली होती. पाणी दिलं, बसवलं. मी म्हटलं, सासूबाईंना भेटायचंय, त्या जामला आमच्याकडे आल्या होत्या. ती हसलीच.

"नाई ताई, दुसरं कोणी असंन. आईचे पाय जाऊन तीन वर्सं झाले. आम्ही उचलून बाजूले करतो त्याईले."

आणि माहेर? आष्टीकडचं. जाम त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मी पार्वताबाईंच्या खाटेजवळ गेले. तेच गोंदण, तोच चेहरा. मी ह्यांचा हात धरला, कारण मला काहीतरी धरायला हवं होतं. मग पिशवीतून कुलूप काढून सूनबाईपुढे ठेवलं. तिचं हसू थांबलं. उठून तिने भिंतीवरच्या खिळ्याची किल्ली आणली, कुलपात घातली, फिरवली. ते उघडलं.

"गोठ्याचं आहे," ती म्हणाली. "पोळ्याच्या आंधीपासून सापडून नाई राह्यलं."

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. विहिरीबद्दल, सुनीलबद्दल, मुलीबद्दल आम्ही त्या घरात अजून एक अक्षरही बोललो नव्हतो.

"खोली रिकामीच होती न, माय?"

मी म्हटलं, "हो आई, रिकामी होती."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले. मी खूप विचारलं, तुम्हाला कसं कळलं, तुम्ही कशा आलात. त्या पुन्हा बोलल्या नाहीत. आमच्या घरात पाया पडायची फारशी रीत नाही. मी त्या दिवशी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. थंड होते ते पाय, काडीसारखे, आणि जरासुद्धा हलले नाहीत. निघताना सूनबाईने एकच विनंती केली, गावात कोणाले सांगू नका ताई, लोकं आईले देवी करून टाकतीन. पुढच्या उन्हाळ्यात पार्वताबाई गेल्या.

भास म्हणू नका. कुलूप रफिकभाईंनी पाहिलं, सुनीलने पाहिलं, आमच्या ह्यांनी पिशवीत घालून आंजीपर्यंत नेलं. ती फरशी का खचली, हे मी फळ्यावर आकृती काढून कुणालाही समजावू शकते. पण तीन वर्षं खाटेवर पडलेल्या बाईला जामच्या एका खोलीत एक तान्ही मुलगी झोपणार आहे, याची काळजी का वाटली असेल... ते मात्र मला अजून कुणी समजावलेलं नाही.