सगळं कव्हर आहे, ताई

आईच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला आणि नांदेडच्या खाजगी दवाखान्यातल्या खिडकीवरच्या माणसानं तिचं सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड परत सरकवलं. "याच्यात हे ऑपरेशन बसत न्हाई." मग मी खाजगी विमा काढायचं ठरवलं. आई अडुसष्टची, डोंगरकड्याला एकटी राहते. मी कळमनुरीत लिपिक. लोकांचे अर्ज तपासणं हीच माझी नोकरी. म्हटलं, हे काम अर्ध्या दिवसाचं.

आखाडा बाळापूरचा एजंट घरी आला. मोतीबिंदू? "कव्हर आहे, ताई." शुगर? "सगळं कव्हर आहे." माहितीपुस्तिका मागितली तर हसला. "ती कोण वाचतं?"

मी वाचली. दोन रविवार गेले. मोतीबिंदूला दोन वर्षं थांबायचं, आधीपासूनच्या आजाराला तीन. वर प्रत्येक बिलातला काही हिस्सा आपणच भरायचा. संतापून एजंटला फोन केला, तर तो शांतपणे म्हणाला, "कव्हरच आहे की. फक्त दोन वर्षांनी."

तरी अर्ज भरला. उद्या हृदयाचं काही निघालं तर काय करायचं, ही भीती होतीच. मग कंपनीतून आईच्या तब्येतीची चौकशी करायला फोन येणार होता. "सगळ्याला न्हाई म्हणा," एजंटनं शिकवलं. मी आईला म्हटलं, "खरं सांग, पण थोडक्यात सांग."

फोन स्पीकरवर ठेवला. एक मुलगी हिंदीत विचारू लागली. "माताजी, कोई पुरानी बीमारी?"

"शुगर है. आठ बरस से. गोळी खाती, पर उपास के दिन नहीं खाती."

मी कपाळावर हात मारला.

"कभी चक्कर आया?"

"एक बार. हळद काढने गई थी तब. उस दिन जेवणच नहीं किया था ना." मग जरा थांबून, "बाई, तेरा आवाज दमलेला लगता. तू जेवली क्या?"

फोन ठेवल्यावर मी तिच्यावर ओरडले. "एवढं सांगायची काय गरज होती?"

"तिनं इचारलं. मी काहून खोटं बोलू?"

माझी आणखीच चिडचिड झाली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं: अर्ज नामंजूर. कारण दिलं होतं, पण ते तीनदा वाचूनही मला नेमकं कळलं नाही. एजंट फोन उचलेना.

शेवटी शेजारच्या काकूंनी सांगितलं, हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट होतं. दोन खेपा झाल्या, तिसऱ्या खेपेला डोळ्याचं ऑपरेशन झालं. कार्ड कुणी मागितलंही नाही. परतताना बसमध्ये आई पट्टी बांधून निवांत बसली होती आणि मी शेजारी धुमसत होते. ही एवढी गोष्ट नांदेडच्या त्या खिडकीवर कुणी का सांगितली नाही?

"आता काहून तोंड पाडून बसलीस?" आईनं विचारलं. "दिसंल की मला."

तिला दिसू लागलं, हे खरं. विमा मात्र अजून नाही.