उत्तराचा पाट

त्र्यंबकशास्त्री गेल्याचे मला अकोल्यात कळले, तेही अमरावतीहून कापूस घेऊन आलेल्या एका गाडीवानाकडून. "शास्त्रीबुवा पटकीनं गेले जी. एका दिसात खेळ आटोपला," असे म्हणून तो बैल सोडायला लागला... मी शाळेत रजा सांगितली आणि अमरावतीची वाट धरली.

आम्ही दोघे काशीत एकाच गुरूंजवळ न्यायशास्त्र, म्हणजे तर्काचे शास्त्र, शिकलो. मी पोटासाठी अकोल्यात शाळामास्तर झालो. त्याने मात्र गेल्या दोन-तीन शतकांतल्या नव्या नैयायिकांचा ध्यास घेतला. जुन्यांच्या पाया पडून त्यांचीच चूक दाखवणारी ती माणसे त्याला फार प्रिय. त्यांच्यावरचा ग्रंथ हेच त्याचे आयुष्य. अमरावतीच्या त्याच्या पाठशाळेत पोरे होती तोवर वादाला माणूस मिळे. मग विलायतेत आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि पोरे एकेक करून दलालांच्या पेढ्यांवर गेली. तर्क शिकवला याने, आणि तो कामी आला कापसाच्या सौद्यात!

त्याची रीत अशी, की समोरासमोर दोन पाट मांडायचे. एकावर बसून विरोधकाचा आक्षेप घ्यायचा, तोही आपलाच असल्यासारखा, पुऱ्या ताकदीने. मग दुसऱ्यावर बसून त्याचे उत्तर द्यायचे. समोर कोणी उरले नाही, तेव्हा तो एकटाच पाट बदलून बसू लागला. लोक हसत. मी सुटीत गेलो की आक्षेपाचा पाट माझा.

शेवटच्या भेटीत ग्रंथातले आत्म्याचे प्रकरण चालले होते. देह जळाला की माणसाचे काहीच उरत नाही, हा आक्षेप त्याने माझ्या तोंडी इतका बिनतोड रचून दिला की मी घाबरलो. "अरे, याला उत्तर काय?"

"हाये ना. घाई काहून करून राहिला? आधी आक्षेपाले पुरतं बोलू दे."

ग्रंथ तिथेच थांबला. तेराव्याला कोणीतरी ते शेवटचे पान वाचले आणि शास्त्री नास्तिक होऊन मेला, असे गावभर झाले. वहिनींनी मला विचारले, "भावजी, तुमी त्यायच्यासंगं शिकले. ते खरंच असं मानत होते का?"

"नाही वहिनी, तो समोरच्याचा पक्ष आहे."

"मंग त्यायचं उत्तर काय होतं?"

मी ते शेवटचे पान उलटून पाहिले; मागची बाजू कोरी होती. मला ते येत नाही... काशीत शिकून, उभा जन्म वाद घालून येत नाही.

दोन्ही पाट वहिनींनी अजून उचललेले नाहीत. निघताना मी माझ्या पाटावर बसलो, त्याचा आक्षेप पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला आणि सवयीने वर पाहिले. समोरचा पाट रिकामा होता. आणि मग मला आक्षेपच खरा वाटू लागला.