मामाची मेल मी उघडलीच नाही

मंडळी, आजचीच गोष्ट.

फिरतीवर काम करताना गोंधळ नको म्हणून ऑफिसच्या सोडून बाकी सगळ्या मेल आपोआप एका फोल्डरमध्ये जातात. आज कुंभकोणमहून घरी तंजावूरला परतताना, पापनाशमला बस थांबली तेव्हा तो फोल्डर उघडला. आत मामाची गेल्या आठवड्यातली मेल! "सोमवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे. सोबत येशील?"

सोमवारी मी तंजावूरलाच होते. त्याच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, लॅपटॉप उघडून बसलेली.

उतरल्यावर थेट त्याच्याकडे धावले. डोळ्याला पट्टी, घरात एकटाच.

"मामा, फोन का नाही केलास?"

"तू कामात असशील म्हटलं. ऑटोनं गेलो, ऑटोनं आलो."

मला रडूच फुटलं. संध्याकाळची मीटिंग रद्द करून त्याच्याजवळच थांबलेय.

घरच्यांच्या मेल तुम्ही कधी बघता? खरंच सांगा.