पांढरी पूड

ही गोष्ट सांगायची मी आठ वर्षं टाळली. घरात त्या कॉम्प्युटरचा विषय निघाला की मला नेमकं बाहेरचं काहीतरी काम आठवायचं. लिहायला बसलोच तर चष्मा पुसण्यात वेळ घालवायचो. आता पंचाहत्तरी उलटली आहे. यापुढे टाळलं तर ते कायमचंच राहील.

वीज खात्यात मी उपकेंद्राचा ऑपरेटर होतो. आधी भोकरला, मग मुदखेडला. तिथे एक रजिस्टर असे. लाइन कधी बंद पडली, कधी सुरू झाली आणि का बंद पडली, हे त्यात लिहायचं. फांदी पडली तर फांदी लिहायची, पक्षी चिकटला तर पक्षी. चूक आमच्यातल्याच कुणाच्या हातून झाली असेल, तर मात्र सगळे एकच वाक्य लिहीत : ‘कारण समजले नाही.’ त्याची चौकशी होत नसे. तीस वर्षांत ते वाक्य मी किती वेळा लिहिलं, आठवत नाही. निवृत्त होऊन नांदेडच्या घरी आलो तेव्हा ही सवयही माझ्याबरोबर आली.

मुलगा हैदराबादला नोकरीला, सून आणि नात माझ्याजवळ. दहावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात नातीनं गेमिंग कॉम्प्युटर घरीच जुळवायचं ठरवलं. तयार घेण्याची आमची ऐपत नव्हती. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला कॉम्प्युटरचा जुना डबा तिनं बाजारातून आणला. ग्राफिक्स कार्ड कुणीतरी वापरून विकलेलं, रॅमच्या दोन पट्ट्या दोन वेगळ्या दुकानांतल्या. जेवायचं टेबल तिनं महिनाभर अडवलं आणि आम्ही खाली बसून जेवलो. सून कुरकुरायची. मी नाही.

त्या महिन्यात मी सुखात होतो, हेही नोंदवलं पाहिजे. डब्याला हात लावला की नातीला मुंग्या यायच्या. मी टेस्टर लावून पाहिला, तर घराला अर्थिंगच नव्हतं. परसात खड्डा खणून, कोळसा-मीठ भरून मी ते करून दिलं. ‘अज्जा नसते तर मी चिकटले असते,’ असं ती गल्लीभर सांगत फिरली. पुढे गेम रंगात आला की मशीन आपोआप बंद पडू लागलं. मी म्हटलं, ऊन लई हाय, तापत असंल. तिनं डब्याचं बाजूचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. तरी बंद. मग ती एकेक भाग काढून, बदलून बघत बसली. चार दिवसांनी सापडलं : कार्डाला लागते तेवढी वीज आतला पुरवठ्याचा डबा देतच नव्हता. दुकानदाराशी भांडून तिनं तो बदलून आणला. बाजूचं झाकण मात्र तसंच उघडं राहिलं. हे सगळं ती एका वहीत लिहायची. त्या वहीत प्रत्येक बिघाडापुढे कारण लिहिलेलं होतं.

तिला नांदेडलाच राहून पॉलिटेक्निकला जायचं होतं, कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला. मुलाला ती डॉक्टर व्हायला हवी होती, म्हणजे लातूरला अकरावी आणि क्लास. फोनवर रोज वाद. शेवटी तोडगा मीच काढला. मुलाला म्हटलं, तू ये, एकदा डोळ्यांनी बघ. पोरीनं केलेलं मशीन नीट चाललं तर तिचं ऐक, नाहीतर लातूर. ‘अप्पा, खेळायचंच यंत्र हाय ना ते?’ म्हणून तो हसला, पण कबूल झाला. नात शांतपणे म्हणाली, ज्याच्यावर हा गेम चालतो त्याच्यावर काहीही चालतं.

तो रविवारी सकाळच्या गाडीनं येणार होता. मायलेकी त्याला आणायला स्टेशनवर गेल्या. घरात मी एकटा.

आमच्यात नवी वस्तू विभूती लावल्याशिवाय वापरत नाहीत. जळकोटला वडिलांचं दुकान होतं, तिथे तराजूलाही विभूती लागायची. उपकेंद्रात नवं पॅनल आलं की मी स्वतः लावायचो. या मशीनला अजून कुणी लावली नव्हती, आणि आज तर त्याची परीक्षा होती. मी प्लग काढला, जरा वेळ थांबलो, सगळं नियमानं केलं. वाटीत विभूती पाण्यात कालवली आणि डब्यावर तीन बोटं ओढली.

तिथेच थांबायला हवं होतं. पण वडील तराजूच्या दांडीला न लावता काट्याला लावायचे. जिथं जीव हाय तिथं लावावी म्हणायचे. नात म्हणायची, रॅम नसली तर हे मशीन मेलेलं. पट्ट्या कशा काढतात ते मी महिनाभर बघत होतो. दोन्ही काढल्या. त्यांच्या कडेला सोनेरी दात असतात. त्या दातांवर मी विभूती ओढली आणि पट्ट्या ओल्याच परत खाचेत दाबल्या. डब्यावरची तीन बोटं तेवढी पुसून टाकली, मुलगा हसेल म्हणून.

ते आले. चहा झाला. मुलगा खुर्ची ओढून बसला आणि नातीनं बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच राहिला. आतून एकसारखा टूं टूं आवाज येऊ लागला आणि थोड्या वेळानं करपल्याचा वास. तिनं झटकन प्लग काढला. ‘रॅमचा आवाज हाय, बसेल आत्ता,’ असं वडिलांना सांगून तिनं पट्ट्या काढल्या आणि खोडरबरानं दात घासायला घेतले. मग थांबली. बोटाला लागलेलं उजेडात धरलं.

‘अज्जा, ही पांढरी पूड कसली?’

मला विचारलं, कारण मागे घरात मीच होतो. तिच्या विचारण्यात संशय नव्हता. मशीनबद्दल ती मलाच विचारायची.

मी म्हणालो, ‘भिंतीचा चुना झडून राहिला, माय. तू झाकण उघडं कशाला ठेवलंस?’

मुलानं कप खाली ठेवला. ‘झालं समाधान?’ एवढंच बोलला.

ती दुपारभर झटत राहिली. पट्ट्यांच्या जागा बदलल्या, मैत्रिणीकडून दुसरी रॅम आणली, बोर्डावरचा सेल काढून लावला. आतला मुख्य बोर्डच जळाला होता. मी पलंगावर पेपर धरून बसलो होतो. प्रत्येक वेळी ती बटण दाबायची आणि पेपरमधली ओळ मी पुन्हा पहिल्यापासून वाचायचो. तोंड उघडायला अख्खी दुपार होती.

का नाही उघडलं? मुलासमोर लाज वाटली, हे एक. आणि नात डॉक्टर झालेली मलाही हवी होती. ते मी आजवर कुणाला कळू दिलं नाही, कारण घरात मी तिच्या बाजूचा समजला जायचो. दुसऱ्या दिवशी तिची वही उघडून पाहिली. शेवटची नोंद होती : ‘कारण – झाकण उघडं ठेवलं. चूक माझी.’

ती लातूरला गेली. दोन वर्षं, मग आणखी एक. मेडिकलला लागतील तेवढे गुण पडले नाहीत. औषधनिर्माणशास्त्राचा डिप्लोमा करून ती आता लातूरलाच एका मेडिकल दुकानात काउंटरवर उभी असते. मशीनचे भाग सुनेनं भंगारात दिले. नातीनं पुन्हा कुठलंच मशीन उघडलं नाही. परसातलं अर्थिंग तेवढं आहे. ओल टिकावी म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात मी अजून पाणी घालतो.

यंदा चैत्रात मी एकटाच लातूरच्या बसमध्ये बसलो. लोह्यापासून चाकूरपर्यंत मनात तेच बोलणं घोळवत होतो. दुकानात गर्दी होती. मला बघून तिनं स्टूल दिलं, पाणी दिलं. ‘एवढ्या उन्हात एकटेच आलात? काही काम होतं का अज्जा?’

मी म्हणालो, गुडघा दुखतोय.

तिनं गोळ्यांची पट्टी काढली आणि तिच्यावर पेनानं सकाळ-संध्याकाळ लिहिलं. ‘जेवल्यावरच घ्या. उपाशीपोटी न्हाई,’ म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी हातात घेतली. मी परतीची बस धरली.

जे घोळवत गेलो होतो ते इतकंच होतं : माय, तो भिंतीचा चुना नव्हता. माझ्या हातची विभूती होती. तुझं मशीन चांगलं होतं, मला माफ कर.