थांबाताईंनी सासूला थांबवलं

विमानतळावरच्या सात नंबरच्या गेटवर ज्या बाई उभ्या असतात, त्यांना सगळे थांबाताई म्हणतात. एकोणीस वर्षं त्या तिथे उभ्या आहेत आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा बाहेर पडलेला शब्द 'थांबा' हाच आहे. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय ते काम! पास यंत्राखाली धरायचा, टुक् आवाज आला की माणूस आत सोडायचा. पण खरं काम वेगळंच. ज्याला विमानात चढू द्यायचं नाही, त्याला गोड बोलून बाजूला घ्यायचं. त्यातही प्यालेला माणूस ओळखायला अक्कल लागत नाही, नाक असलं की पुरे. गोळ्या खाऊन किंवा काहीबाही ओढून आलेल्याला वास नसतो. तो शांत असतो, हसरा असतो आणि कधी कधी इतका सज्जन दिसतो की त्याला आपली मुलगी द्यावी.

अशांना ओळखण्यासाठी कंपनीनं एक तक्ता दिला होता. डोळे बघा, चाल बघा, घाम बघा. आता विमान चुकेल म्हणून धावत आलेल्या कुठल्या माणसाला घाम नसतो, हे तक्ता करणाऱ्याला कोण सांगणार? थांबाताईंनी तक्ता काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवला आणि स्वतःचा एक प्रश्न शोधून काढला. पास हातात घेता घेता त्या अगदी घरच्यासारखं विचारायच्या, "घराला कुलूप नीट लावलंत ना हो?"

शुद्धीतला माणूस या प्रश्नाला दचकतोच. तो खिसा चाचपतो, बायकोकडे बघतो, मग बायको त्याच्याकडे असं बघते की पुढचा सगळा प्रवास वाया. एक प्राध्यापक तर रांग सोडून तडक घरी गेले होते आणि कुलूप लावलेलंच होतं म्हणून नंतर त्यांनी कंपनीला चार पानी पत्र लिहिलं. पण ज्याच्या डोक्यात गोळीचा कारभार चाललेला असतो तो मंद हसतो आणि म्हणतो, "असेल." जगात कसलीच काळजी उरलेली नाही असा माणूस थांबाताईंना कधीच धडधाकट वाटला नाही.

प्रश्न विचारला म्हणजे निदान झालं असं मात्र त्यांनी कधी धरलं नाही. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एक गृहस्थ झोकांड्या खात, जड जिभेनं बोलत आले होते. सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की स्वारी रंगात आहे. डॉक्टर आल्यावर कळलं, बिचाऱ्याची साखर उतरली होती. तेव्हापासून सात नंबरच्या गेटवर 'नशा' हा शब्द कोणी उच्चारायचा नाही. "तब्येत जरा बरी दिसत नाही, बसा दोन मिनिटं," एवढंच म्हणायचं. खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं, डॉक्टरांना बोलवायचं, आणि गेटवरच्या दुसऱ्या माणसानं स्वतंत्रपणे बघायचं. नवीन पोरीपोरं विचारायची, "ताई, सोडून दिलं तर काय बिघडलं? सीटवर झोपेल गुपचूप." त्यावर त्या म्हणायच्या, "तो झोपलाय की बेशुद्ध पडलाय, हे वर गेल्यावर कोण ठरवणार? बस आहे का ती, पुढच्या थांब्यावर उतरवायला?"

हे सगळं गेटवर. घरी मात्र थांबाताईंना कोणी थांबाताई म्हणत नसे. घरी राज्य सासूबाईंचं. सून काय काम करते असं कोणी विचारलं की त्या म्हणायच्या, "विमानतळावर दारात उभी असते." हे असं म्हणायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, हिला कोणी आत घेत नाही. बाई अतिशय करारी आणि त्याहून जास्त काळजीवाली. घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघायच्या, जिना उतरून पुन्हा वर यायच्या, चौथ्यांदा ओढायच्या आणि वेळ असला तर शेजाऱ्यांचंही ओढून बघायच्या. थांबाताईंच्या नवऱ्याचं चष्मे दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे तो दिवसभर बारीक स्क्रूंमध्ये डोकं घालून बसायचा आणि घरी आल्यावरही त्याला या दोघींमधलं काही दिसायचं नाही.

तर झालं असं, की नणंदेला लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस राहिले. पोटात बाळ आडवं. डॉक्टरांनी ऑपरेशनची वेळ ठरवली, बुधवारी सकाळी नऊ. नणंदेचा फोन आला, "आई, मला आत नेतील तेव्हा तू बाहेर हवीस. बाकी कोणी नसलं तरी चालेल." विमानानं अडीच तासांचं अंतर, आणि सासूबाई जन्मात विमानात बसलेल्या नव्हत्या. पण लेकीसाठी त्यांनी मन घट्ट केलं. मंगळवारी दुपारच्या विमानाचं तिकीट काढलं. ते सुटणार होतं सात नंबरच्या गेटवरून.

मन घट्ट केलं खरं, पण पोटातली भीती काही मनाचं ऐकेना. शेजारच्या काकू दर वर्षी विमानानं मुलाकडे जायच्या. त्यांनी मायेनं आपल्या झोपेच्या गोळ्यांची पट्टी हातात दिली. "अर्धी घ्या. कधी पोचलात ते कळायचंसुद्धा नाही." सासूबाईंनी अर्धी घरी घेतली. काही वाटेना म्हणून अर्धी टॅक्सीत घेतली. मग तपासणीच्या रांगेत एका पोरसवदा शिपायानं चपला काढायला लावल्या, त्या अपमानावर उतारा म्हणून एक अख्खी घेतली.

गेटवर रांग लागली होती. थांबाताईंनी मान वर केली तर समोर सासूबाई. आणि सासूबाई सुनेकडे बघून हसल्या. एकवीस वर्षांच्या संसारात असं तोंडभरून हसणं थांबाताईंच्या वाट्याला आलं नव्हतं. ते हसू बघूनच त्या सावध झाल्या.

"आई, सगळं ठीक ना?" त्यांनी विचारलं. मग तो प्रश्नही विचारलाच. "कुलूप नीट लावलंत ना?"

"असू दे गं बाळ," सासूबाई म्हणाल्या. "उघडं राहिलं तरी काय मोठंसं. येतील, बसतील, जातील."

बाळ! थांबाताईंनी हळूच सासूबाईंचा दंड धरला आणि त्यांना खुर्चीत बसवलं. पर्स उघडून बघितली तर गोळ्यांची पट्टी वरच पडलेली, त्यातल्या दोन कमी. सासूबाईंची मान एव्हाना छातीकडे निघाली होती.

घरच्या माणसाचा निकाल आपण लावायचा नसतो, म्हणून त्यांनी गेटवरच्या जोडीदारणीला बोलावलं. ही मुलगी सहा महिन्यांपूर्वीच कामाला लागलेली. तिनं सासूबाईंकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, मग फरशीकडे बघत म्हणाली, "मला तर ठीकच वाटतात." थांबाताईंना कळलं, की फरशी ठीक आहे की नाही एवढंच तिनं बघितलंय.

तेवढ्यात त्या पाळीवरचे साहेब आले. वयानं लहान, मनानं चांगले. त्यांनी ताईंना बाजूला घेतलं. "ताई, जाऊ दे ना. खिडकीची सीट आहे, पांघरूण देतील. तुमच्याच घरच्या आहेत, तक्रार कोण करणार? आणि उतरवायचं म्हणजे विमानाच्या पोटातून त्यांची बॅग शोधून काढायची. दहा-पंधरा मिनिटं उशीर."

इथे खोटं कशाला बोला, थांबाताईंना फार वाटलं की 'हो' म्हणावं. एक 'हो' म्हटलं की नणंदेला आई मिळत होती, घरात शांतता राहत होती, आणि साहेबच सांगतायत म्हटल्यावर आपल्यावर बालंटही येत नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण मागच्याच महिन्यात त्यांनी याच खुर्चीत एका बाईला बसवलं होतं. तिचे वडील आजारी होते, आणि धीर यावा म्हणून तिनं काय काय घेतलं होतं ते तिचं तिलाच सांगता येत नव्हतं. ती रडली, पाया पडायला निघाली, तरी थांबाताईंनी तिला सोडलं नव्हतं. तिचे वडील वडील नव्हते आणि माझी नणंद तेवढी नणंद, असं कसं म्हणायचं? आणि दुसरं म्हणजे, समोर मान टाकून बसलेली ही बाई कितीही टोचून बोलत असली तरी तिला काही झालेलं थांबाताईंना चालणार नव्हतं. हे त्यांना स्वतःलाही त्याच क्षणी कळलं आणि जरा नवलच वाटलं.

"आई," त्या खाली वाकून म्हणाल्या, "आज तुम्ही थांबा."

सासूबाईंनी एक डोळा उघडला. "मी? अगं, मी आहे."

"हो. तुम्हीच."

"दारात उभी असतेस म्हणून..." सासूबाईंनी सुरुवात जोरात केली होती, पण वाक्य संपायच्या आत त्यांना झोप लागली. रांगेतली माणसं बघतच राहिली. विमान अकरा मिनिटं उशिरा सुटलं, आणि सासूबाईंची लाल दोरी बांधलेली बॅगही मागे राहिली.

विमानतळाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. रक्तदाब बराच खाली होता, पण धोका नव्हता. "संध्याकाळपर्यंत उठतील," त्या म्हणाल्या.

"विमानात काही झालं असतं का?" थांबाताईंनी विचारलं. त्यांना 'हो' ऐकायचं होतं.

"बहुधा नसतं झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी ताईंचा चेहरा बघितला आणि पुढे म्हणाल्या, "बहुधा. पण मीही बसू दिलं नसतं." हा बहुधा थांबाताईंना दिवसभर पायातल्या खड्यासारखा टोचत राहिला.

दुसरं विमान बुधवारी सकाळी सातचं. ते पोचणार साडेनऊला, म्हणजे नणंदेला आत नेल्यावर. सासूबाई जाग्या झाल्या, त्यांना सगळं सांगितलं गेलं, आणि त्यांनी सुनेशी बोलणं बंद केलं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या माणसानं तोंड मिटलं की घर खायला उठतं. घरी आल्यावर त्यांनी लेकीला फोन लावला आणि एवढंच म्हणाल्या, "माझंच चुकलं. उद्या येते." पलीकडून रडण्याचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू आला. नवऱ्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आपली आई होती गं ती," तो म्हणाला.

"म्हणूनच," थांबाताई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

बुधवारी सकाळी त्यांचीच पाळी. सव्वासहाला सात नंबरच्या गेटवर रांग लागली आणि रांगेत सासूबाई. ताठ मान, पर्स छातीशी आवळलेली, ओठ घट्ट मिटलेले. त्यांच्या पुढे दोन तरुण होते. एकानं भारी कोट घातला होता आणि तो भिंतीवरच्या जाहिरातीतल्या बाईकडे बघून प्रेमळ हसत होता. दुसरा त्याचा मित्र. पहिल्याची सगळी उत्तरं तोच देत होता. कोटवाल्यानं पास द्यायचा म्हणून थांबाताईंच्या हातात रुमाल दिला.

"यांची तब्येत जरा बरी दिसत नाही," थांबाताई म्हणाल्या. "थांबा, बसा दोन मिनिटं. डॉक्टरांना बोलावते."

"काही गरज नाही! दमलाय तो," मित्र उसळला. "कोण आहे हा, माहीत आहे का तुम्हाला? एक फोन केला ना, तर उद्या इथे दिसणार नाही तुम्ही."

"फोन करा. तोवर यांना बसू द्या."

फोनचा धाक चालत नाही म्हटल्यावर त्यानं सूर बदलला. रांगेकडे तोंड करून, हात पसरून तो म्हणाला, "बघा हो, बघा! माणुसकी नावाची काही चीजच नाही. यांच्या घरचं कोणी असतं तर केलं असतं का असं?"

"केलं," मागून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. सासूबाई रांगेतून एक पाऊल पुढे आल्या.

"कालच केलं. मी तिची सासू. नऊ वाजता माझ्या लेकीचं ऑपरेशन आहे आणि मी तिथे नाही, इथे तुझं भाषण ऐकतेय. का? तर दोन गोळ्या खाऊन आले होते. हिनं मला सोडलं नाही, ती तुझ्या या सोंगाला सोडेल होय? घे त्याला आणि बस त्या खुर्चीत. चांगली आहे खुर्ची, मी बसलेय."

मित्र बसला. कोटवाला तर कधीचाच बसायला तयार होता.

सासूबाईंनी पास पुढे केला. यंत्र टुक् वाजलं. तरी त्या पुढे सरकेनात. थांबाताईंनी बघितलं तर त्या विमानाकडे जाणाऱ्या वाटेवर नजर रोखून उभ्या होत्या.

"जोडीदारणीला सांग यंत्र बघायला," सासूबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "आणि तू चल विमानाच्या दारापर्यंत. आज गोळी घेतलेली नाही मी."